जिन्यातला दिवा आणि डिमरची दुखणी



मागच्या महिन्यात बाईंनी मोठ्या गटाला विचारले, "दिवा काय काय करतो?" फळ्यावर तीन उत्तरे जमली. लागतो, बंद होतो, ब्लिंक होतो. मग बाईंनी खडू हातात घेतला आणि भराभर लिहिले: उजळतो, तेवतो, मिणमिणतो, लुकलुकतो, थरथरतो, फडफडतो, भगभगतो, मंदावतो, विझतो. शिवाय एक सूचना, की घरातली मोठी माणसे "दिवा विझव" म्हणत नाहीत, "मालव" म्हणतात.

आम्ही तेव्हा मागच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसलो होतो. वाचता वाचता लक्षात आले की ही तर आमच्या घरातल्या डिमरच्या तक्रारींची यादी आहे. बाईंना तसे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मग लिहून द्या पुढच्या अंकासाठी." झाली पंचाईत! आम्ही शिकलो इलेक्ट्रॉनिक्स, पण गेली वीस वर्षे पोट भरतो ते सॉफ्टवेअरवर. तरी लिहितो आहोत, कारण या विषयात आमच्याकडून एक चूक झाली आणि तिची किंमत आमच्या आईने मोजली. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी डिमर म्हणजे काय ते पाहू. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी घरात कंदील असायचा. त्याच्या बाजूला एक छोटी चावी असायची. ती फिरवली की वात वर यायची आणि उजेड वाढायचा. उलटी फिरवली की वात खाली आणि उजेड मंद. म्हणजे डिमर आपल्याकडे होताच, फक्त तो रॉकेलवर चालायचा. विजेचा दिवा आला आणि ती चावी गेली. दिवा एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. रात्रीच्या मंद उजेडासाठी आपल्या घरांतून "झिरोचा बल्ब" असे. नावात शून्य असले तरी तो पंधराएक वॅट खायचा, ही एक गंमतच.

विजेचा दिवा मंद करण्याची जुनी युक्ती म्हणजे वाटेत अडथळा घालणे. नाटकाच्या थिएटरात मोठाले रेझिस्टन्स वापरत. थोडी वीज दिव्यात जायची आणि उरलेली त्या अडथळ्यात उष्णता होऊन वाया जायची. भारतातले पंख्याचे जुने रेग्युलेटर आठवतात का? भिंतीवरचा तो जाड काळा ठोकळा, पंखा १ वर ठेवला की तापायचा. तोच प्रकार.

आजचा डिमर असा अडथळा घालत नाही. तो फार चतुर आहे. जोएल स्पायरा नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५९ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या अपार्टमेंटमध्ये खटपट करून भिंतीतल्या स्विचच्या डब्यात मावेल असा डिमर तयार केला. १९६१ मध्ये त्याने ल्युट्रॉन ही कंपनी काढली आणि १९६२ मध्ये त्याला पेटंट मिळाले. २०१० मध्ये या शोधाशी संबंधित वस्तू आणि कागद स्मिथसोनियनच्या संग्रहात गेले. राहत्या घरात खटपट करून जग बदलणारी माणसे असतात. आमच्या बेसमेंटमध्ये मात्र अजून तरी फक्त खटपटच झाली आहे.

आता त्याची युक्ती. मुलांनो, इथे नीट लक्ष द्या, कारण पुढची सगळी दुखणी यातूनच निघतात.

झोपाळा डोळ्यांसमोर आणा. तो पुढे जातो, मागे येतो. अमेरिकेतल्या घरातली वीज अशीच सेकंदाला ६० वेळा पुढे जाऊन मागे येते. म्हणजे पुढच्या ६० आणि मागच्या ६० मिळून सेकंदाला १२० फेऱ्या. एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांची. फेरीच्या सुरुवातीला दाब शून्य असतो, मधोमध तो १७० व्होल्टपर्यंत चढतो आणि शेवटी पुन्हा शून्यावर येतो. आपण ज्याला १२० व्होल्ट म्हणतो, तो आकडा या चढउताराचा एक प्रकारचा मध्यम काढून मिळतो.

दिव्याच्या वाटेवर एक दरवाजा आहे आणि तिथे एक वॉचमन बसला आहे. या वॉचमनचे नाव ट्रायॅक. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तो डुलकी घेतो, मग दरवाजा उघडतो. फेरी संपली की दरवाजा आपोआप बंद होतो. त्याने १ मिलिसेकंद डुलकी काढली तर जवळजवळ सगळी वीज आत जाईल आणि दिवा झगझगीत लागेल. ४ मिलिसेकंद डुलकी काढली तर जवळपास निम्मीच शक्ती आत जाईल. ७ मिलिसेकंद झोपला तर फेरीचे शेपूटच तेवढे आत जाईल आणि दिवा मिणमिणेल. हे सगळे सेकंदाला १२० वेळा, दिवस न् रात्र, न चुकता.

त्याने किती झोपायचे हे कोण ठरवते? तर आपण. डिमरची दांडी म्हणजे एक नळ आहे आणि आत कपॅसिटर नावाची एक बादली आहे. नळ मोठा सोडला की बादली लवकर भरते, ती भरली की वॉचमन जागा होतो. नळ बारीक केला की बादली उशिरा भरते आणि वॉचमन उशिरा उठतो. संपली युक्ती.

मग दिवा सेकंदाला १२० वेळा बंद-चालू होताना आपल्याला दिसत का नाही? कारण जुन्या बल्बमध्ये तार तापून उजेड द्यायची. पोळ्या झाल्यावर गॅस बंद केला तरी तवा लगेच गार होतो का? तशीच ती तार. दरवाजा बंद असलेल्या काही मिलिसेकंदांत ती गार व्हायला वेळच मिळत नसे.

आणि इथेच आजच्या काळाची गोम आहे. या देशात तारेच्या साध्या बल्बच्या विक्रीवर बंधने आणणाऱ्या नियमाची अंमलबजावणी २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि त्याआधीच बहुतेकांनी एलइडी लावले होते. एलइडीत तवा नाही. वीज थांबली की उजेड थांबला. म्हणून बल्बच्या बुडाशी एक छोटे सर्किट बसवलेले असते. त्याने येणारी तुटक वीज साठवायची, वॉचमन किती वेळ झोपला हे ओळखायचे आणि त्याप्रमाणे उजेड कमी-जास्त करायचा. म्हणजे एका कारकुनाने दुसऱ्याचे हस्ताक्षर वाचायचे. आता हस्ताक्षर जुने आणि कारकून नवा असेल, तर घोटाळे होणारच.

दुसरे म्हणजे, वॉचमनलाही जागे राहायला थोडी वर्दळ लागते. दरवाज्यातून अगदीच कमी प्रवाह जाऊ लागला तर ट्रायॅक फेरी संपायच्या आधीच मिटतो. आमच्या जिन्यावरच्या झुंबरात ६० वॅटचे चार बल्ब होते, म्हणजे २४० वॅट. आम्ही मोठ्या हौसेने ८ वॅटचे चार एलइडी लावले. झाले ३२ वॅट. भिंतीतला डिमर मात्र आम्ही घर घेतले तेव्हाचाच, तारेच्या बल्बसाठी बनवलेला. कमीत कमी ४० वॅट भार हवा, असे त्याच्या अंगावर लिहिलेले होते. ते आम्ही वाचले केव्हा? तर सगळे झाल्यावर.

आता ती गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला पहाटे साडेचारला उठून चहा करायची सवय. तिच्यासाठी आम्ही जिन्यातला दिवा रात्रभर अगदी मंद ठेवायचो. डिसेंबरात थंडी वाढली तशी आमची नऊ वर्षांची मुलगी म्हणू लागली, "बाबा, फर्नेस सुरू झाला की जिन्यातला दिवा ब्लिंक होतो." आम्ही म्हणालो, "लोड येतो अगं, होतं असं." आई म्हणाली, "अरे, तुमचा हा दिवा मधूनच डोळा मारतो रे." आम्ही हसलो. ऑफिसात कोणी असा बग सांगितला असता तर आम्ही त्याच दिवशी वहीत नोंदवला असता. घरातल्या माणसांनी सांगितला म्हणून पाच-सहा आठवडे तसाच ठेवला.

जानेवारीत एका पहाटे आई जिना उतरत होती. खाली फर्नेसचा पंखा सुरू झाला. दिवा लुकलुकला नाही, पार गेला आणि परत आलाच नाही. शेवटची पायरी आहे की संपली हे तिला कळले नाही. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती, ती आमची मुलगी घालायची. आई एका शब्दाने आम्हाला बोलली नाही. ते जास्त लागले.

दिवा गेला का आणि परत का आला नाही, ते पाहू. मोठी मोटर सुरू होताना क्षणभर खूप वीज ओढते, त्यामुळे घरातला दाब किंचित खाली येतो. दिवा मोठा असताना हे जाणवत नाही. पण तो अगदी तळाशी, विझण्याच्या काठावर ठेवलेला असेल, तर तेवढा धक्का पुरतो. आणि एलइडीचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे: तो ज्या पातळीला विझतो त्याच पातळीला पुन्हा लागत नाही. लागायला त्याहून जास्त वीज हवी असते. त्यामुळे दाब पूर्ववत झाला तरी दिवा अंधारातच राहतो, कोणी दांडी वर करीपर्यंत. तुमच्याकडे कधी दिवा तळाशी ठेवून बंद केला आणि पुन्हा चालू करताना लागतच नाही, थोडी दांडी सरकवल्यावर एकदम लागतो, असे होते का? तेच हे दुखणे.

यावर उपाय आहे आणि सोपा आहे. एलइडीसाठी बनवलेल्या डिमरवर, बहुधा पट्टीच्या आत, एक छोटीशी चकती, स्क्रू किंवा खिट्टी असते. तिने "सर्वांत कमी" म्हणजे किती कमी ते ठरवता येते. पद्धत अशी: मुख्य दांडी अगदी तळाशी न्यायची. मग ती चकती हळूहळू फिरवून सगळे बल्ब, सगळेच्या सगळे, स्थिर तेवतील इतके वर आणायचे. दिवा बंद करून पाच-सहा वेळा पुन्हा लावून पाहायचा. मग घरातल्या कोणालातरी फर्नेस आणि व्हॅक्यूम क्लीनर चालू करायला सांगायचे आणि आपण दिव्याकडे पाहत उभे राहायचे. हे शेवटचे लोक करत नाहीत. आम्हीही केले नसते.

आम्ही डिमर बदलला, चकती बसवली, परीक्षा घेतली. दिवा पास. आणि चार दिवसांनी मुलगी पुन्हा आली. "बाबा, दिवा थरथरतो. पण फर्नेस बंद आहे." या वेळी आम्ही खुर्चीतून उठलो.

दिव्याचे दुखणे शोधताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: ते नियमित आहे की अनियमित? दांडी ठराविक जागी आली की होते, ठराविक यंत्र सुरू झाले की होते, सगळे बल्ब एकाच तालात करतात, तर बहुतेक बल्ब आणि डिमर यांचे जमत नाही, एवढेच. त्रास आहे, घाई नाही. पण दांडी कुठेही असो, पूर्ण वर असतानासुद्धा दिवा मनात येईल तेव्हा थरथरत असेल, दार आपटल्यावर किंवा वरच्या मजल्यावर कोणी चालल्यावर फडफडत असेल, तर कुठेतरी जोड सैल असण्याची शंका घ्या. सैल जोडात ठिणग्या उडतात, जोड तापतो, आजूबाजूचे प्लास्टिक करपते, आणि हे सगळे भिंतीच्या किंवा छताच्या आत चालते, आपल्याला दिसत नाही. जळकट किंवा माशासारखा वास, स्विचमधून तडतड आवाज, पट्टीवर तपकिरी डाग, यांपैकी काहीही दिसले तर त्या खोलीचा ब्रेकर पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. रविवार असला तरी.

आम्ही बोलावले. त्याने झुंबर खाली उतरवले, तर छतातल्या डब्यात एका जोडावरची टोपी सैल होती आणि तारेवरचे आवरण करपून इतके ठिसूळ झाले होते की बोट लावताच त्याचे तुकडे पडले. एक बग समजून आम्ही ज्याच्या मागे होतो, ते दोन बग निघाले. पहिला दुरुस्त झाला म्हणून दुसरा दिसला. तो करपलेला तुकडा आम्ही एका बाटलीत ठेवला आहे. पुढच्या वर्गाला आणू, मुलांनी जरूर पाहावा.

आता बाकीच्या तक्रारी. यांतल्या बऱ्याच आम्हाला वर्गातल्या पालकांनीच सांगितल्या.

गुणगुण. "दिवा गातो" अशी तक्रार सर्वांत जास्त. आवाज बल्बमधून येतो की भिंतीतून, हे आधी कान लावून ठरवा. तारेच्या बल्बमध्ये ती बारीक तारच थरथरते. दांडी मधोमध असताना आवाज जास्त का? वॉचमन जेव्हा ४ मिलिसेकंदांनी दरवाजा उघडतो, तेव्हा बाहेर दाब सर्वांत जास्त, १७० व्होल्ट, असतो. दरवाजा उघडताच सगळी गर्दी एकदम आत घुसते. सेकंदाला १२० असे धक्के बसले तर कोणीही गुणगुणेल. हा धक्का सौम्य करायला डिमरमध्ये तारेचे एक वेटोळे असते, ते स्वतःही थोडे गुणगुणते. स्वस्त डिमरमध्ये ते लहान असते, म्हणून आवाज जास्त. याच धक्क्यामुळे जुन्या एएम रेडिओवर खरखर येते. रेडिओ दुसऱ्या खोलीत नेऊन पाहा. एलइडी गुणगुणत असेल तर दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

काही डिमर वॉचमनला उलटे काम देतात: दरवाजा फेरीच्या सुरुवातीलाच उघडायचा आणि वेळेआधी मिटायचा. यात एकदम धक्का बसत नाही, म्हणून अनेक एलइडी त्यांच्याबरोबर शांत राहतात. मात्र यांतल्या बऱ्याच डिमरना स्विचच्या डब्यात न्यूट्रलची पांढरी तार लागते आणि जुन्या घरांतल्या डब्यांत ती नसते. विकत घ्यायच्या आधी पाहून घ्या. पांढरी तार दिसली म्हणजे ती न्यूट्रलच असते असेही नाही, जुन्या वायरिंगमध्ये तिला दुसरेच काम दिलेले असू शकते.

बंद केल्यावरही अंधुक उजेड राहणे. मुलांना यात भूत दिसते, आणि इंग्रजीत त्याला खरेच तसे नाव आहे. काही डिमर बंद असतानाही स्वतःचा बारीक दिवा किंवा रिमोटचे सर्किट चालवायला चिमूटभर वीज दिव्यातून ओढतात. तारेच्या बल्बला ती कळतही नसे. एलइडीला चिमूटभरही पुरते. डिमर बिघडलेला नाही, जोडी चुकली आहे. न्यूट्रल लागणारा डिमर घ्या, किंवा बंद केल्यावर वाट खरोखर तोडणारा.

डिमर कोमट लागणे. थोडा कोमट लागणे स्वाभाविक आहे. वॉचमनही दरवाजा उघडा धरताना सव्वा व्होल्टच्या आसपास कर घेतो. ६०० वॅटचे दिवे म्हणजे ५ अँपिअर, त्यावर सहाएक वॅटची उष्णता डिमरच्या पत्र्यातून बाहेर पडते. हात ठेवता येत नाही इतका तापला तर मात्र भार जास्त झाला आहे. दोन-तीन डिमर शेजारी शेजारी बसवताना त्यांच्या पत्र्याचे कान मोडावे लागतात, तेव्हा त्यांची ताकद कमी होते. किती, ते सोबतच्या कागदावर छापलेले असते. एलइडीसाठी आकडा वेगळाच असतो: अंगावर ६०० वॅट लिहिलेले डिमर एलइडीचे बहुधा १५० वॅटच घेतात, कारण एलइडीचे सर्किट वीज सलग न घेता गचके देत ओढते.

जिन्यात वर एक आणि खाली एक असे दोन स्विच असतात. तिथे डिमर लावताना "थ्री-वे" प्रकारचाच घ्यावा लागतो आणि साधारणपणे दोन्हींपैकी एकाच जागी लावता येतो. "खालचा स्विच एका बाजूला असेल तरच वरचा डिमर चालतो" अशी तक्रार असेल, तर तारा अदलाबदल झाल्या आहेत. जुन्या स्विचवर एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा गडद रंगाचा असतो. त्याची तार कोणती होती, यावर सगळे अवलंबून आहे. स्विच सोडवण्याआधी फोनने फोटो काढा आणि त्या तारेला चिकटपट्टी लावा. आमच्या एका मित्राने दोन्ही केले नाही आणि दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना टॉर्चच्या उजेडात वर नेले.

सर्वांत उपयोगी अवजार कोणते विचाराल, तर तारेचा एक जुना ६० वॅटचा बल्ब. आम्ही एक पुठ्ठ्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये जपून ठेवला आहे. एलइडी नखरे करू लागले की त्यांच्यातला एक काढून त्या जागी तो लावायचा. बाकीचे लगेच शहाण्यासारखे वागू लागले, तर तार आणि डिमर ठीक आहेत, भार कमी पडत होता. तरीही त्रास चालूच राहिला, तर पुढे शोधायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बल्ब आणि डिमर एकदम बदलले तर दोष कोणाचा होता हे कधीच कळत नाही. आणि बल्बच्या खोक्यावर "डिमेबल" लिहिले आहे ना, हे आधी वाचा. नसेल तर वरचे सगळे प्रयोग फुकट.

पालकांसाठी दोन शब्द. डिमर उघडायचा असेल तर नुसता स्विच बंद करून चालत नाही. पॅनेलमधला ब्रेकर पाडा आणि तारेच्या जवळ नेताच पिपाणी वाजवणारा टेस्टर आधी चालू जागी वाजतो का ते पाहून मग इथे लावा. भाड्याच्या घरात हे करूच नका, मालकाला सांगा. १९६५ ते १९७३ च्या सुमारास बांधलेल्या काही घरांत अॅल्युमिनियमच्या तारा आहेत. डब्यात चंदेरी तार दिसली तर पट्टी परत लावून जाणकाराला बोलवा. छताच्या पंख्याला दिव्याचा डिमर लावू नका, मोटर गुरगुरते आणि तापते. भिंतीतल्या प्लगला तर मुळीच नाही.

आणि इथला डिमर किंवा १२० व्होल्टचा बल्ब भेट म्हणून भारतात नेऊ नका. तिकडे वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी आहे. चॉकलेटेच न्या.

आमच्या जिन्यात आता पायरीजवळ प्लगमध्ये लावायचा एक वेगळा छोटा रात्रीचा दिवा आहे. त्याला डिमर नाही, मंद करायची सोय नाही, काही नाही. आई मागच्या उन्हाळ्यात पुन्हा आली तेव्हा तिने तो पाहिला आणि म्हणाली, "हा बरा आहे. याला अक्कल कमी आहे."

मुलांसाठी घरचा अभ्यास. (डिमर उघडायचा नाही, पट्टीलाही स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही. फक्त डोळे आणि कान वापरायचे.)

१. घरात किती डिमर आहेत ते मोजा. प्रत्येक दिवा पूर्ण वर, मधोमध आणि तळाशी ठेवून पाहा. फळ्यावरच्या शब्दांपैकी त्याला कोणता शब्द लागू पडतो ते लिहा. "ब्लिंक" चालणार नाही.

२. तळाशी ठेवलेला दिवा बंद करून पुन्हा लावा. लगेच लागतो की दांडी वर न्यावी लागते? फ्रिज किंवा फर्नेस सुरू होताना काय होते?

३. भारतात वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. तर तिथल्या वॉचमनला सेकंदाला किती वेळा दरवाजा उघडावा लागेल आणि एक फेरी किती मिलिसेकंदांची असेल?

४. आजी-आजोबांना फोन करून विचारा: कंदिलाची काच कशाने पुसायचे? मिळालेले उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी घरी आई-बाबांना वाचून दाखवा, मग वर्गात आणा. वह्या पुढच्या रविवारी बाईंच्या टेबलावर.